गार्मुरकडे पाठ

स्टेनवोर मला पहिल्यांदा दिसली ती पाठमोरी.

एकोणीसशे बासष्टचा जानेवारी होता. मी बावीस वर्षांची, स्काल्मेयरी या दूर उत्तरेकडच्या मासेमार गावच्या शाळेत रुजू होऊन चार दिवस झालेले. शाळा म्हणजे एक खोली आणि एक शेगडी. सकाळी मोठी मुलं यायची, दुपारी लहान. लहानांची तुकडी पाचला सुटायची, आणि त्या दिवसांत साडेचारलाच बाहेर काळोख असायचा. खिडकी खाडीच्या तोंडाकडे उघडत होती. सगळ्या मुलांची बाकं त्या खिडकीकडे तोंड करून मांडलेली होती, कारण फळाही त्याच भिंतीवर होता. फक्त तिसऱ्या ओळीतली एक मुलगी बाकावर उलटी बसली होती. तिची पांढुरकी वेणी माझ्याकडे आणि तोंड मागच्या भिंतीकडे. पाटी मांडीवर घेऊन ती निमूटपणे गणित सोडवत होती.

"ए, तू. इकडे तोंड करून बस."

वर्ग एकदम शांत झाला. वर्ग शांत झाला की मास्तरणीला बरं वाटायला हवं. मला नाही वाटलं.

पुढच्या बाकावरची सिग्गा म्हणाली, "बाई, ती काळोख पडला की तिकडे बघत नाही. उजेडात बघते."

"का बरं?"

"तिकडे गार्मुर असतो."

मी खिडकीतून पाहिलं. दोन डोंगरांच्या मधल्या फटीत, समुद्रालगत, एक पिवळट तांबूस तारा होता. इतका खाली की हात लांब केला तर लागेल. दुसरं काही नव्हतं.

ती मुलगी मागे न वळता म्हणाली, "मला ऐकू येतं बाई. फळ्यावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचून दाखवलंत तर मी सगळं करीन."

मी वाचून दाखवलं. तिने सगळी गणितं बरोबर केली. एकात हातचा एक विसरली होती, तो तिचा तिनेच शोधून काढला.

त्या संध्याकाळी मी थुरी आजीला विचारलं. थुरी आजीच्या माडीवर मी भाड्याने राहत होते. मेलेली माणसं, जिवंत माणसं आणि मेंढ्या या तिन्हींची तिच्याकडे खडानखडा माहिती असे.

"गार्मुर म्हणजे मेलेल्यांच्या राज्याच्या, हेलच्या दारातला कुत्रा," ती म्हणाली. "जुन्या गोष्टीत नाही का, पाताळाच्या गुहेशी साखळीला बांधलेला? शहरातले लोक त्या ताऱ्याला काय म्हणतात कोण जाणे. आम्ही गार्मुर म्हणतो. जानेवारी आणि फेब्रुवारीचे पहिले दिवस, एवढाच काय तो संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी येऊन बसतो. घरी येणाऱ्या बोटी त्याच तोंडातून येतात."

"मग?"

"मग काय. बोटीच्या डोलकाठीवरचा दिवा असाच दिसतो. हाच रंग. एवढाच मोठा. खाली धुकट असलं की तारा लुकलुकतसुद्धा नाही." तिने कॉफीत राय धान्याच्या ब्रेडचा तुकडा बुडवला आणि पुष्कळ वेळ तसाच धरला. "ती इंगीमुंदुरची मुलगी. गेल्या वर्षीची गोष्ट आहे."

गोष्ट अशी होती.

आमच्या खाडीत एक रीत होती. बोटी बाहेर असल्या की संध्याकाळी घराघरांत मुलं खिडकीशी बसत. तोंडाशी दिवा पहिल्यांदा ज्याला दिसेल त्याने धावत जाऊन त्या बोटीच्या तांडेलाच्या घरी सांगायचं, "दिवा." घरची बाई त्याच्या हातावर खडीसाखरेचा मोठा खडा ठेवी आणि बटाटे उकडायला लावी. मुलांना त्या खड्याची हाव असे. मोठ्यांना सोय होई, कारण बायकांना सारखं बाहेर बघावं लागत नसे. तोंडातून आत आलेली बोट डावीकडच्या कड्याआड दहाबारा मिनिटं दिसेनाशी होते आणि मग थेट धक्क्याजवळ बाहेर पडते. तेवढ्यात बटाटे होतात. उजवीकडे 'बहिणी' आहेत, पाण्याखालचे तीन खडक. तिकडून कोणी येत नाही.

आदल्या जानेवारीत पंधरा दिवस आभाळ नुसतं गच्च होतं. तारा असा काही असतो हेच लोक विसरले होते. इंगीमुंदुर आणि त्याचा भाऊ गळांच्या दोऱ्या ओढायला गेले होते आणि उत्तरेचा वारा सुटला होता. त्या थंडीत उडालेलं पाणी बोटीवर पडतं तिथेच गोठतं. बर्फ कुऱ्हाडीने फोडत राहावं लागतं, नाहीतर बोट वरून जड होऊन कलंडते. पाच वाजून गेले तेव्हा धक्क्यावर माणसं जमली. मोठी बोट काढून शोधायला जायचं ठरत होतं. तेवढ्यात बर्फाची सर विरली, ढग फाटले, आणि आठ वर्षांची स्टेनवोर घरातून धावत आली. "दिवा. बाबांचा दिवा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सगळ्यांना दिवा दिसला. पाचसहा मिनिटं दिसला आणि मग ढग पुन्हा मिटले. तो कड्याआड गेला असं सगळे म्हणाले. म्हातारी माणसंसुद्धा म्हणाली. तेल भरलेली मोठी बोट पुन्हा बांधली गेली. आईने स्टेनवोरच्या हातावर खडा ठेवला आणि बटाटे लावले.

बटाटे फुटून पाण्यात विरघळले तरी कोणी आलं नाही. दोन तास गेले होते. बोट बहिणींजवळ उलटी सापडली. भाऊ सापडलाच नाही; इंगीमुंदुर तिच्या पाठीवर चढून बसला होता. तिथेच बसल्या बसल्या तो गेला होता. डॉक्टर त्याच्या घरच्या ओट्यावर उभे राहून कोणाला तरी हळूच म्हणाले, "जीव जाऊन फार वेळ झालेला नाही." दाराच्या आत स्टेनवोर उभी होती.

"तिला कोणी बोललं का?" मी विचारलं.

"कोणी अक्षर बोललं नाही," थुरी आजी म्हणाली. "तेच चुकलं बहुतेक. तिची आई तर म्हणाली, पोरीने बघितलं ते सगळ्यांनीच बघितलं. पण बघ, तेव्हापासून या गावात कोणाच्या घरी खडीसाखर आणत नाहीत. मग पोरीला काय कळायचं ते कळलंच की."

दुसऱ्या दिवशी मी फळा मागच्या भिंतीवर लावून घेतला आणि सगळीच बाकं फिरवली. तपासनीस आले तेव्हा त्यांनी विचारलं, उजेड मागून का घेता? मी म्हटलं, डोळ्यांना बरा असतो.

स्टेनवोर माझ्याकडे पाच वर्षं शिकली. हुशार होती, पण एका बाबतीत मला तिची काळजी वाटे. ती कुठलीही गोष्ट 'झाली' असं म्हणत नसे. निबंध पुरा झाला का विचारलं तर म्हणे, "बघते." तिचं बोट शेवटच्या ओळीवरून फिरे, पानाच्या कडेपर्यंत जाई, मग ती वही देई. सुटीत मुली धावाधाव करत तेव्हा ही दारात उभी राहून आत येणाऱ्या मुली मोजायची. एकदा एक मुलगी मधल्या सुटीत परस्पर घरी गेली. तर स्टेनवोरचे ओठ पांढरे पडले आणि तिला शेगडीजवळ बसवून गरम दूध पाजावं लागलं.

मोठी झाल्यावर ती गावातून जाईल असं मला वाटलं होतं. जिला खाडीच्या तोंडाकडे बघवत नाही तिने डोंगरापलीकडे जाऊन शिवणकाम करावं, दुकानात उभं राहावं. तिने भलतंच केलं. बोटींनी दिवसातून दोनदा वायरलेसवरून आपला ठावठिकाणा कळवायचा असा नियम आला तेव्हा सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत ते यंत्र बसवलं. त्याच्यासमोर बसायला कोणी तयार नव्हतं. पगार किरकोळ, आणि दिवसभर घरघर ऐकायची. सोळा वर्षांची स्टेनवोर जाऊन बसली. त्या खोलीला खिडकी नव्हती, हेही एक कारण असावं.

ती बारा वर्षं तिथे बसली. भिंतीवर बोटींच्या नावांची पाटी होती. बोट बाहेर पडली की नावापुढे खडूची रेघ, परत आली की रेघ पुसायची. तिचा नियम असा की दोर खुंटाला बांधल्यावर ती स्वतः धक्क्यावर जाई, बोटीच्या लाकडाला हात लावी, आणि मगच येऊन रेघ पुसे. वादळ असो, हाडं गोठवणारी थंडी असो. धक्क्यावर ती नेहमी खाडीच्या तोंडाकडे पाठ करून उलटी चालत जायची, हे आम्हाला इतकं सवयीचं झालं होतं की परका माणूस हसला तर आम्हाला राग यायचा.

आम्ही स्वतः मात्र हसत असू.

"लावलास हात? आलो ना मी?" एखादा तांडेल विचारी. "का गालाला लावून बघतेस?"

"तुझ्या गालापेक्षा लाकूड बरं आहे. दाढी करत जा."

"माशांचा वास येतोय तरी हिला खात्री पटत नाही."

"वास तर तू घरी असलास तरी येतो."

यात सगळ्यांत पुढे इस्लेफुर. तो सहकारी दुकानाचा व्यवस्थापक आणि बचाव पथकाचा प्रमुख. दोन्ही कामं तो एकाच आवाजात करायचा. पाटीसमोर उभा राहून तो मला म्हणे, "रान्वेगबाई, तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, मी सकाळी घरून निघालो तेव्हा बायकोने माझ्या नावापुढे रेघ मारली नव्हती. आता मी जेवायला गेलो तर ती मला ओळखणार कशी?"

स्टेनवोर यंत्रावरची नजर न काढता म्हणे, "ओळखेल. पोट दाराच्या आधी आत येतं तुमचं."

एकविसाव्या वर्षी तिने थोर्गिल्सशी लग्न केलं. थोर्गिल्स शांत, लांब हातांचा, स्वतःची छोटी बोट असलेला. लग्नाआधी तिने त्याला सांगितलं होतं की मी तुला कधीही निरोप द्यायला येणार नाही आणि घ्यायला येईन ती उलटी चालत. तो म्हणाला, "चालेल. मी दोरीचं टोक तुझ्या हातात देईन." त्यांना एक मुलगी झाली. संध्याकाळी स्टेनवोर घरात असली तर खाडीच्या तोंडाकडच्या खिडकीला लोकरीची गोधडी टांगलेली असे. मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा गोधडीचा कोपरा उचलून बाहेर बघू लागली. स्टेनवोरने तिला मारलं नाही, ओरडली नाही. तिने गोधडीला चारी बाजूंनी खिळे ठोकले.

त्या वेळी मी तिला बोलले. म्हटलं, "अगं, तारा आहे तो. त्याला तुझं नावही माहीत नाही."

ती म्हणाली, "बाई, मला ताऱ्याची भीती नाही वाटत. मला तो बघितल्यावर माझ्या तोंडून काय येईल त्याची वाटते."

ही गोष्ट एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत तशीच होती.

त्या दिवशी थोर्गिल्स दोन माणसं घेऊन सकाळी सहाला गेला होता. दुपारी दोनला त्याचा आवाज आला. दोरी अर्धी ओढून झालीय, वारा वाढतोय, पाचपर्यंत तोंडाशी येतो. मी चारच्या सुमाराला दुकानात पीठ घ्यायला गेले आणि सवयीने मागच्या खोलीत डोकावले. स्टेनवोरच्या समोर पाटी होती. नऊ नावं, आठांच्या रेघा पुसलेल्या. एक शिल्लक.

पाचला ठरलेली हाक आली नाही. तिने तीनदा बोलावलं. यंत्रातून नुसता घरघराट. सव्वापाचला तिने पुन्हा बोलावलं. तिचा आवाज अगदी सरळ होता.

इस्लेफुर आत आला. टोपीवर बर्फ होतं.

"बॅटरी ओली झाली असेल त्याची," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात माझ्या मेव्हण्याची झाली होती. घाबरू नकोस."

"पथक काढा," स्टेनवोर म्हणाली.

"कशासाठी? पंधरा मिनिटं झालीत. बाहेर हात दिसत नाही. सहा माणसं त्या पाण्यात घालू? त्यांच्यातल्या चौघांना लहान मुलं आहेत."

हे खरं होतं. आमच्या पथकात कोणी पगारी नव्हतं. सुतार, खाटीक, तीन मासेमार, इस्लेफुर स्वतः. उत्तरेच्या वाऱ्यात मोठी बोट बाहेर काढायची म्हणजे बर्फ तिच्यावरही चढणार. एका बोटीच्या भीतीपायी दोन बोटी गेल्याचं आमच्या किनाऱ्यावर घडलेलं आहे.

"थोडं थांबू," तो म्हणाला.

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी ओरडलं, "दिवा. तोंडाशी दिवा आहे."

इस्लेफुरने मोठा श्वास सोडला. "बघ. आला तुझा नवरा. जा, बटाटे लाव." त्याच्या तोंडून ते सहज गेलं. आमच्याकडे सगळेच तसं म्हणत. पण मी स्टेनवोरकडे बघत होते. ती उठली नाही. तिने खडूचा तुकडा इतका घट्ट धरला की तो मुठीत भुगा झाला.

"बाई," ती मला म्हणाली, "तुम्ही बघून या. आणि मला सांगा."

मी बाहेर गेले. आठदहा माणसं धक्क्यावर होती. पंधरवडाभर आभाळ दिसलं नव्हतं, आणि आता बर्फाच्या दोन सरींच्या मध्ये, खाडीच्या तोंडाशी, पाण्यालगत, एक पिवळट तांबूस दिवा होता. स्थिर. मी एकोणीस वर्षं त्या गावात राहिले होते, दर जानेवारीत तो तारा पाहिला होता, मुलांना त्याचं नाव सांगितलं होतं. मी डोळे बारीक करून पाहिलं, आणि मला कळेना. मला तो बोटीचा दिवा वाटला. मला तो बोटीचा दिवा असायला हवा होता.

मी आत येऊन म्हटलं, "बोट वाटते गं."

"वाटते?"

"बोटच आहे."

हे मी म्हटलं. मुलांना मी आयुष्यभर सांगत आले की नक्की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

स्टेनवोर माझ्याकडे बघत राहिली. माझ्यावरचा तिचा विश्वास मला त्या क्षणी नकोसा झाला. मग ती उठली. कोट न घालता, डोकं उघडं, ती दारातून सरळ चालत बाहेर आली. सरळ म्हणजे खाडीच्या तोंडाकडे तोंड करून. धक्क्यावरच्या माणसांनी तिला तशी येताना कधी पाहिलं नव्हतं. माणसं बाजूला झाली.

ती दुकानासमोरच्या झेंड्याच्या खांबाशी थांबली. तिचे डोळे मिटलेले होते. तिने दोन्ही हातांनी खांब धरला, गाल त्याला टेकवला, आणि मग एक डोळा उघडला.

मी तिच्याजवळ उभी होते. तिच्या घशातून एक बारीक आवाज येत होता. लहान मूल तापात करतं तसा. ती पडेल असं वाटून मी तिच्या खांद्याला धरलं, तर ती म्हणाली, "हलवू नका मला. खांब हलेल."

मग मला समजलं ती काय करत होती. समुद्रावर अंधारात समोर दिवा दिसला की तांडेल तो डोलकाठीच्या दोरावर धरतो आणि बघतो, दिवा दोराच्या कुठल्या बाजूला सरकतो. त्यावरून समोरची बोट कुठे चाललीय ते कळतं. थोर्गिल्सने तिला कधीतरी जेवताना सांगितलं असणार. तिने दिवा खांबाच्या कडेवर धरला होता आणि ती आकडे मोजत होती. पन्नास. साठ. ऐंशी. मागे कोणीतरी कुजबुजलं, "काय करतेय ही?" इस्लेफुर म्हणाला, "गप."

बर्फाची सर जवळ येत होती. डावीकडचा डोंगर तिने गिळला. कडा गिळला. स्टेनवोर मोजत होती. तिचे ओठ निळे झाले होते. दोनशे. दोनशे दहा. दिवा आता खांबाच्या कडेपासून सुटला होता, उजवीकडे, बोटभर. मलाही दिसलं.

दोनशे चाळीसला सर आली आणि सगळं पुसून गेलं.

"कड्याआड गेला," मागून एक आवाज आला. "येईल दहा मिनिटांत."

स्टेनवोर वळली. तिच्या गालावर खांबाच्या थंड लोखंडाचा लाल वळ उठला होता, कातडी थोडी सोलली होती.

"डावीकडे गेला नाही," ती म्हणाली. "उजवीकडे गेला. बोट असती तर डावीकडे आली असती."

"सरीत काय कळतं," इस्लेफुर म्हणाला, पण त्याचा आवाज बदलला होता.

"इस्लेफुर, तारा असेल तर बोट आलेली नाही. आणि बोट असेल तर ती बहिणींवर चाललीय." दातांवर दात वाजत असल्याने ती एकेक शब्द तोडून बोलत होती. "दोन्हीतलं काही असलं तरी इथे उभं राहून चालायचं नाही. मला कुठलं ते माहीत नाही. मला माहीत असायची गरजही नाही."

मग इस्लेफुरने टोपी खाली ओढली आणि खाटकाला म्हणाला, "जा, भोंगा वाजव."

मोठी बोट सहाला पाच मिनिटं कमी असताना सुटली. स्टेनवोर यंत्रासमोर जाऊन बसली. मी तिच्या अंगावर माझा कोट टाकला. तिने नव्या खडूने पाटीवर मोठ्या बोटीचं नाव लिहिलं आणि त्यापुढे रेघ मारली. आता दोन रेघा होत्या.

त्यानंतरच्या सव्वादोन तासांबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. पथकातल्या माणसांच्या बायका एकेक करून आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. स्टेनवोरकडे कोणी बघत नव्हतं. यंत्रातून दर पंधरा मिनिटांनी इस्लेफुरचा आवाज यायचा, "बर्फ फोडतोय." "अजून काही नाही." "बर्फ फोडतोय." साडेसातला तो आलाच नाही. पावणेआठलाही आला नाही. त्यातली एक बाई, ग्वुद्लोग, खालच्या आवाजात स्टेनवोरला म्हणाली, "माझा गेला तर मी तुला काय म्हणू?" स्टेनवोर म्हणाली, "जे म्हणायचं ते म्हण." आणि तिने बटण दाबून पुन्हा बोलावलं.

आठ वाजून दहा मिनिटांनी आवाज आला. बोट सापडली होती. बहिणींजवळ नव्हे, त्याच्याही पलीकडे, भूशिराच्या आडोशाला. इंजिनात पाणी गेलं होतं, वायरलेस बंद, नांगर खरवडत खरवडत किनाऱ्याकडे सरकत होता. तिघंही कुऱ्हाडी घेऊन बर्फ फोडत होते, आणि त्यांच्या हातांतली ताकद संपत आली होती. पुढे थोर्गिल्स म्हणाला की आम्ही अजून अर्धा तास काढला असता. त्याच्याबरोबरचा माणूस म्हणाला, पाव.

ओढून आणायची तार लावताना इस्लेफुरच्या डाव्या हाताची दोन बोटं तारेत सापडून तुटली. त्यानंतर तो दुकानात हिशेब सांगताना म्हणे, "माझं गणित आठापर्यंतच आहे, पुढचं स्टेनवोरला विचारा." पण ते सहा महिन्यांनी. त्या रात्री धक्क्यावर स्टेनवोरने त्याचा बांधलेला हात बघितला तेव्हा ती त्याच्यापुढे अशी उभी राहिली की जणू शिक्षा घ्यायला आली आहे.

थोर्गिल्सने दोरीचं टोक तिच्या हातात दिलं. ते गोठून काठीसारखं झालं होतं. तिने आधी त्याच्या बोटीला हात लावला, मग मोठ्या बोटीला. मग आत जाऊन दोन्ही रेघा पुसल्या. मग खोलीच्या कोपऱ्यात जाऊन ओकली.

गावाला वाटलं आता हिची भीती गेली. मलाही वाटलं. आम्ही सगळ्यांनी तिचं फार कौतुक केलं, चर्चमध्ये नाव घेतलं, केक आणले. दुसऱ्या संध्याकाळी ती कामावर गेली ती तशीच, खाडीच्या तोंडाकडे पाठ करून उलटी चालत. मी बरोबर होते. मी म्हटलं, "आता कशाला? काल तर बघितलंस."

"काल गरज होती बाई."

"आणि आज?"

"आज नाही," ती म्हणाली, आणि मागे न बघता पाय ठेवला तो अचूक पायरीवर.

मी तिला विचारलं, खांबाशी उभी असताना तुला काय वाटत होतं? तिने पुष्कळ विचार केला. ती नेहमीच प्रश्नाचा नीट विचार करून उत्तर देई. म्हणाली, "मला तो दिवा वाटला. तुमच्यासारखाच. अगदी बाबांचा वाटला. म्हणून तर मोजलं."

ते मागच्या खोलीतलं यंत्र कधीच गेलं. आता बोटी कुठे आहेत ते उपग्रह सांगतो. थुरी आजी गेली, इस्लेफुर गेला. शाळेत सात मुलं आहेत आणि बाकं पुन्हा खिडकीकडे तोंड करून आहेत. मी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे चढावर जात नाही, म्हणून स्टेनवोरच खाली माझ्याकडे येते. ती एकाहत्तर वर्षांची आहे. थोर्गिल्सने त्यानंतर आणखी सव्वीस वर्षं बोट चालवली. आता तो सत्त्याहत्तरचा आहे आणि त्याला ऐकू कमी येतं. रोज सकाळी अकराला दोघं दुकानात जातात. दुधाची पिशवी स्टेनवोर उचलते, कारण त्याचा उजवा खांदा दुखतो.